पत, ऋण आणि दिखावा : ‘परीक्षागुरू’ ते ‘जूठन’

लाला श्रीनिवासदास यांची ‘परीक्षागुरू’ ही कादंबरी १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी तिला इंग्रजी धर्तीवर लिहिलेली हिंदीतील पहिली स्वतंत्र कादंबरी ठरवले आणि तेव्हापासून तिची चर्चा मुख्यत्वे ‘पहिली कोणती’ या वादाच्या अंगाने होत आली. या वादात एक साधी गोष्ट दुर्लक्षित राहिली. ही कादंबरी दुकानात सुरू होते. दिल्लीतील एका इंग्रज सौदागराच्या दुकानात लाला मदनमोहन नव्या फॅशनचे विलायती सामान पाहत आहेत. बरोबर लाला ब्रजकिशोर, मुन्शी चुन्नीलाल आणि मास्टर शिंभूदयाल आहेत. ही मंडळी कोण, त्यांचे कुळ काय, परस्परसंबंध काय, याची कसलीही पूर्वपीठिका न देता वाचकाला थेट मालासमोर आणि त्याच्या किमतीसमोर उभे केले आहे. लेखकाने प्रस्तावनेत या आरंभाचे समर्थनही केले आहे. नायकनायिकांची हकीकत मुळापासून क्रमवार सांगण्याची जुनी रीत सोडून आपण ही नवी चाल स्वीकारली आहे, याची त्याला स्पष्ट जाणीव होती. एखाद्या भाषेत कादंबरी हा वाङ्मयप्रकार वस्तूची किंमत विचारणाऱ्या माणसापासून सुरू व्हावा, ही घटना केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा फुरसतीच्या वर्गाविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ यानंतर सतरा वर्षांनी, १८९९ मध्ये, आला. ‘दिखाऊ उपभोग’ ही संकल्पना समाजशास्त्राच्या परिभाषेत रुळली ती या ग्रंथामुळे. नुसते धन जवळ असून मान मिळत नाही. त्या धनाचा पुरावा लोकांच्या डोळ्यांसमोर मांडावा लागतो, आणि खर्च जितका निरुपयोगी तितका पुरावा सबळ, हे व्हेब्लेनचे मुख्य प्रतिपादन होय. कुटुंबप्रमुखाच्या वतीने त्याची पत्नी, चाकरमाणसे, आश्रित यांनी केलेल्या उपभोगालाही त्याने स्वतंत्र स्थान दिले. त्याला ‘प्रातिनिधिक उपभोग’ म्हणता येईल. पत्नीच्या अंगावरचा दागिना हा पतीच्या मिळकतीचा जाहीरनामा असतो, हे त्याचे उपरोधिक निरीक्षण भारतीय वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. हलाखीतला माणूसही दिखाऊ उपभोगाचा शेवटचा अंश सहसा सोडत नाही, हेही त्याने ओळखले होते. मात्र या विवेचनात धन आधी आणि दिखावा नंतर असा क्रम गृहीत आहे. ऋण तिथे अगदी कडेला राहते.

मराठीतील एका शब्दाच्या साह्याने ही उणीव नेमकी दाखवता येते. ‘पत’ या शब्दात माणसाची समाजातली प्रतिष्ठा आणि बाजारात उधारी मिळवण्याची त्याची क्षमता हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. पत जाते म्हणजे अब्रू जाते आणि पतपुरवठा थांबतो म्हणजे भांडवल आटते. भाषेने या दोन घटना वेगळ्या मानलेल्या नाहीत. हिंदीतील ‘साख’ या शब्दाचा व्यवहारही असाच दुहेरी आहे. जिथे प्रतिष्ठेवर उधारी मिळते आणि उधारीवर प्रतिष्ठा उभी राहते, तिथे दिखावा हा धनाचा परिणाम उरत नाही. तो धन मिळवण्याचे, निदान काही काळ ते असल्याचा भास टिकवण्याचे साधन बनतो. ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ ही म्हण याच स्थितीची टिंगल करते. पण म्हण जे सांगत नाही ते कादंबरी सांगते. बाजीराव म्हणवून घेतल्याशिवाय दाणाही मिळणार नाही, अशी व्यवस्था असू शकते.

‘परीक्षागुरू’मध्ये हा व्यवहार मोठ्या बारकाईने आला आहे. श्रीनिवासदास स्वतः व्यापारी व्यवहारात मुरलेले होते आणि वहीखात्याची भाषा त्यांना उसनी घ्यावी लागली नाही. मदनमोहनचे वडील जुन्या चालीचे. शिक्षण बेताचे, राहणी साधी, पण साहूकारीत त्यांची साख मोठी. ती त्यांनी आपल्या देवघेवीतून कमावली होती. मुलाला ती वारशाने मिळाली. त्याने ती बाग, घोडेगाड्या, विलायती सामान आणि खुशमस्कऱ्यांची बैठक यांत गुंतवली. चुन्नीलाल आणि शिंभूदयाल हे नुसते खाऊ मित्र नाहीत. मालकाच्या प्रत्येक खरेदीत त्यांची दस्तुरी ठरलेली असते. मालकाचा उपभोग हा आश्रितांचा धंदा झाला आहे. व्हेब्लेनच्या आश्रितांपुढे हे आश्रित एक पाऊल टाकतात : ते धन्याच्या वतीने उपभोग घेतात आणि धन्याकडून उपभोग करवूनही घेतात.

कादंबरीचा कळस गाठला जातो तो मात्र कोणत्याही खरेदीने नव्हे. ‘दिवाला’, ‘लोकचर्चा’, ‘अदालत’ ही प्रकरणांची शीर्षकेच पुढची वाट सांगतात. मदनमोहनची स्थिती डळमळल्याची कुजबुज पसरते आणि जी उधारी काल मागण्याआधी मिळत होती, तिचे तगादे एकाच वेळी दारात उभे राहतात. कर्ज कालही तेवढेच होते. बदलली ती लोकांची समजूत. पत ही लोकांच्या बोलण्यावर तोललेली वस्तू आहे आणि म्हणून ती बोलण्यानेच कोसळते, हे या भागात जितक्या स्पष्टपणे आले आहे तितके त्या काळच्या उपदेशपर गद्यात क्वचितच आढळेल. पुढे ब्रजकिशोराच्या मदतीने आणि पत्नीच्या निष्ठेने नायक सावरतो, त्याला शहाणपण येते. हा शेवट ठरीव आहे आणि ब्रजकिशोराची दीर्घ प्रवचने आजच्या वाचकाची परीक्षा पाहतात. तरी त्या प्रवचनांमागील ग्रंथसंग्रह लक्षणीय आहे. महाभारत, ‘गुलिस्ताँ’, ‘स्पेक्टेटर’, बेकन, गोल्डस्मिथ, कूपर यांच्याबरोबर ‘स्त्रीबोध’चाही ऋणनिर्देश लेखक प्रस्तावनेत करतो. ‘स्त्रीबोध’ हे मुंबईहून निघणारे गुजराती मासिक. दिल्लीच्या सावकारी जगातील काटकसरीचा उपदेश मुंबईच्या पारशी सुधारकांच्या मासिकाशी असा जोडलेला आहे. हिंदी कादंबरीचा उगम केवळ इंग्रजी नमुन्यात शोधणाऱ्यांनी हा दुवा ध्यानात घ्यायला हवा.

प्रेमचंदांची ‘गबन’ (१९३१) जवळजवळ अर्ध्या शतकानंतरची. मधल्या काळात पेढीवरचा सावकार मागे पडून कचेरीतला कारकून कादंबरीच्या केंद्रस्थानी आला. रमानाथचे वडील दयानाथ कचेरीत ५० रुपयांवर नोकरी करणारे, लाच न घेणारे गृहस्थ. मुलाच्या लग्नात साधेपणा राखण्याचा त्यांचा बेत मोडतो. सराफाकडून दागिने उधारीवर येतात. इतके करूनही वधूकडे गेलेल्या दागिन्यांत चंद्रहार नसतो. जालपाच्या मनात चंद्रहाराची ओढ लहानपणापासूनची आहे. बिसात्याकडून घेतलेला खोटा चंद्रहार तिने बाहुलीच्या वयात मिरवला होता, आणि खरा सासरहून येईल अशी आशा तिला घरच्यांनीच लावली होती.

कादंबरीच्या आरंभी येणारा हा खोटा हार गी द मोपासाँच्या ‘हार’ या १८८४ सालच्या प्रसिद्ध कथेची आठवण करून देतो. प्रभावाचा प्रश्न इथे महत्त्वाचा नाही, रचनेचा आहे. मोपासाँच्या कथेत कारकुनाची पत्नी एका रात्रीच्या समारंभासाठी मैत्रिणीचा हार आणते, तो हरवतो, तसाच दुसरा घेऊन देण्यासाठी नवराबायको दहा वर्षे कर्ज फेडतात आणि अखेरच्या वाक्यात कळते की मूळ हार खोटा होता. सगळी कथा त्या एका धक्क्यासाठी बांधलेली आहे. प्रेमचंदांनी हारातील खोटेपणा पहिल्याच प्रकरणात उघड करून टाकला. पुढे येणारे दागिने सोन्याचेच आहेत. खोटी आहे ती त्यांच्यामागची ऐपत. मोपासाँच्या कथेत वस्तू फसवते, ‘गबन’मध्ये नवरा. रमानाथने जालपापुढे आपल्या घरच्या श्रीमंतीच्या एवढ्या बढाया मारलेल्या असतात की सराफाचे देणे भागवण्यासाठी तिच्याकडे दागिने परत मागणे त्याला अशक्य होते. तो रात्री तिचीच पेटी चोरतो आणि चोर आल्याचा कांगावा करतो. मागणे अपमानाचे आणि चोरी त्यामानाने सोपी, असा हा निवाडा आहे.

‘गबन’ची समीक्षा बराच काळ स्त्रियांच्या आभूषणप्रेमाच्या चौकटीत झाली. प्रेमचंदांचा कथकही अधूनमधून तसे बोलतो, हे नाकारता येणार नाही. परंतु कथानकाचा हिशेब नीट मांडला तर दोष दुसऱ्याच खात्यावर पडतो. जालपाला खरी परिस्थिती कधी सांगितलीच गेलेली नाही. ज्या क्षणी ती कळते त्या क्षणापासून तिचे वागणे पालटते. रमानाथ नगरपालिकेच्या जकात कचेरीत ३० रुपयांवर लागतो आणि पगाराच्या भरवशावर सराफांच्या वहीत त्याचे खाते पुन्हा उघडते. सराफ उधार देतो कारण माणूस कपड्यांवरून, बायकोच्या अंगावरच्या दागिन्यांवरून पतदार दिसतो. म्हणजे आधीच्या उधारीने पुढच्या उधारीची जामीनकी घेतलेली असते. वृद्ध वकिलाची तरुण पत्नी रतन जालपाच्या हातातल्या कंगनांसारखी कंगने घडवण्यासाठी रमानाथजवळ पैसे देते. सराफ ते जुन्या बाकीपोटी वळते करून घेतो. रतनचा तगादा थांबवण्यासाठी, केवळ दाखवायला म्हणून, रमानाथ कचेरीची रोकड घरी आणतो आणि ती रतनच्या हाती पडते. नवऱ्याने बायकोपुढे उभा केलेला देखावा असा सरकारी तिजोरीपर्यंत पोचतो.

यापुढची गोष्ट कायद्याच्या दृष्टीने विलक्षण आहे. रमानाथ कलकत्त्याला पळून जातो, परंतु जालपा आपला हार विकून कचेरीची रक्कम भरून टाकते. अफरातफर वहीत उरतच नाही. कादंबरीचे शीर्षक ज्या गुन्ह्याचे नाव धारण करते तो गुन्हा नोंदला गेलेला नाही. पोलिसांना हे अलाहाबादहून कळते, तरीही नायकाच्या भीतीचा उपयोग करून ते त्याला खोटा माफीचा साक्षीदार बनवतात. पत गेल्याची भीती ही पत जाण्यापेक्षा अधिक प्रभावी ठरते. जालपाने हार विकणे आणि पुढे विलासाच्या उरल्यासुरल्या वस्तू गंगेत सोडून देणे याला गांधीयुगातील त्यागाची कृती म्हणून वाचले जाते. ते वाचन चुकीचे नाही. पण हार विकण्याचा प्रसंग त्याहून अधिक काही करतो : दिखाव्याची वस्तू सराफाच्या तराजूत परत टाकून जालपा तिचे पुन्हा पैशांत रूपांतर करते, आणि त्या पैशातून नवऱ्याची खरी पत विकत घेते. दागिना हा भारतीय स्त्रीच्या हाती असलेला जवळजवळ एकमेव स्वतःचा ठेवा असतो, हे व्हेब्लेनच्या प्रातिनिधिक उपभोगाच्या मांडणीत बसत नाही. चंद्रहार मिरवण्यासाठी असतो तसाच मोडण्यासाठीही असतो.

उतरत्या सरंजामी घराण्याचा दिखावा याहून निराळ्या जातीचा. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या कथेवर सत्यजित राय यांनी १९५८ मध्ये काढलेल्या ‘जलसाघर’ या चित्रपटात जमीनदार विश्वंभर राय पत्नीच्या दागिन्यांवर पैसा उभारून मुलाच्या मुंजीचा समारंभ करतो आणि अखेर उरलासुरला पैसा एका मैफलीवर उधळतो. शेजारचा नवश्रीमंत महिम गांगुली नर्तकीला बक्षीस देऊ पाहतो तेव्हा जमीनदार काठीने त्याचा हात अडवतो : पहिली बिदागी देण्याचा मान यजमानाचा. इथे पुढची उधारी मिळवण्याचा हेतू उरलेलाच नाही. पैसा संपला तरी देण्याचा हक्क आपला, आणि तुझ्याकडे पैसा असला तरी तो तुझा नाही, एवढेच त्याला सांगायचे आहे. खर्च करण्याचा अधिकार ऐपतीवर ठरत नाही, जन्मावर ठरतो, हा दावा या दृश्यात सौंदर्याने झाकलेला आहे. रायबाबूंची सहानुभूती प्रेक्षकाला त्या काठीच्या बाजूने उभे करते, ही गोष्ट अभ्यासकाने जरा सावधपणे पाहावी.

कारण हीच काठी इतरत्र सौंदर्याशिवाय दिसते. त्याकडे वळण्यापूर्वी उधळपट्टीच्या आरोपाचा इतिहास थोडा पाहणे आवश्यक आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनच्या शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले. सावकारांचे कर्जरोखे जाळण्यात आले. शेतकरी लग्नसमारंभात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे अधिकारी आणि शिक्षित वर्गात सर्रास बोलले जात होते. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा निष्कर्ष मात्र असा की लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. पोटाला धान्य, बैल, बी-बियाणे, सरकारी सारा अशा वारंवार लागणाऱ्या रकमांनी खाते अधिक फुगते. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) याच आरोपाचा तीव्र समाचार घेतला. ‘परीक्षागुरू’ आणि ‘असूड’ यांच्यात एका वर्षाचे अंतर आहे. एक ग्रंथ सावकारपुत्राला काटकसर शिकवतो. दुसरा, ज्याच्याजवळ काटण्यासारखे काही नाही त्याला तीच शिकवण देणाऱ्यांची झाडाझडती घेतो. ‘उधळपट्टी’ हा शब्द कोण कोणाला उद्देशून वापरतो, याकडे दुर्लक्ष केले तर या विषयावरील साहित्य नुसत्या नीतिपाठांचा ढीग वाटेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिसंहार’ विषयक इंग्रजी भाषणात (लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, परंतु प्रत्यक्ष न झालेल्या) जी उदाहरणे दिली त्यांतील दोन इथे निर्णायक आहेत. पहिले १९२८ सालचे, इंदूर जिल्ह्यातील. तेथील सवर्णांनी बलाई समाजावर घातलेल्या अटींत पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, यांचा समावेश होता. दुसरे उदाहरण जयपूर संस्थानातील चकवारा गावचे, १९३६ चे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या जातभाईंना तुपातल्या पक्वान्नांचे जेवण दिले. पंगत चालू असताना सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवले आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. तूप परवडते की नाही हा पैशाचा प्रश्न वाटतो, पण चकवाऱ्याच्या हिंदूंना तो दर्जाचा प्रश्न वाटला, असे आंबेडकरांचे विश्लेषण आहे. व्हेब्लेनच्या जगात खालचा वर्ग वरच्याचे अनुकरण करतो आणि वरचा वर्ग आणखी महाग वस्तू घेऊन अंतर राखतो. इथे अंतर वस्तूने राखले जात नाही. अनुकरणालाच बंदी आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी आंबेडकरांनी स्त्रियांना केलेला उपदेश या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. गळाभर गळसऱ्या आणि हातभर चांदीचे वा कथलाचे गोट-पाटल्या ही तुमची जात ओळखण्याची खूण झाली आहे, ती टाका. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका, अशा आशयाचे ते सांगणे होते. वरवर पाहता हाही दागिन्यांविरुद्धचा उपदेश. परंतु त्याची दिशा ब्रजकिशोराच्या प्रवचनाहून अगदी वेगळी आहे. काटकसर हा त्याचा हेतू नाही. अंगावरच्या वस्तूने सांगितलेला दर्जा नाकारणे हा आहे. जालपाने चंद्रहार मोडून नवऱ्याची पत राखली, महाडच्या स्त्रियांना कथलाचे गोट उतरवून स्वतःची पत मिळवायची होती.

प्रेमचंदांची ‘कफन’ हिंदीत प्रसिद्ध झाली ती याच १९३६ मध्ये. घिसूला वीस वर्षांपूर्वी ठाकुराच्या लग्नाच्या वरातीत खाल्लेल्या अस्सल तुपातल्या पुऱ्या आठवतात, आणि आता सगळ्यांना काटकसर सुचते, असे तो म्हणतो. श्रीमंतांचा दिखाऊ खर्च भुकेल्याच्या आठवणीत सुवर्णयुग बनून राहतो, हे कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारे निरीक्षण. दलित समीक्षकांनी ‘कफन’मधील घिसू-माधवच्या चित्रणावर गंभीर आक्षेप घेतले आणि त्यांत ओमप्रकाश वाल्मीकि अग्रणी होते. त्यांचे आत्मकथन ‘जूठन’ (१९९७) या आक्षेपाचे एक प्रकारे सर्जनशील उत्तरच आहे, कारण लग्नातली तीच पंगत तिथे मांडवाबाहेरून दिसते. पाहुण्यांच्या पत्रावळींवर किती उष्टे उरले यावरून वरातीचा दर्जा ठरे. पत्रावळी चाटूनपुसून टाकणारे वऱ्हाड हावरट ठरे. उष्टे हे दिखाऊ उपभोगाचे सर्वांत नेमके माप. पुऱ्यांचे ते तुकडे उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी साठवले जात.

सुखदेवसिंह त्यागीच्या मुलीच्या लग्नात दिवसरात्र राबलेली लेखकाची आई मुलांसाठी एक पत्रावळ मागते. उष्ट्याने भरलेल्या टोपलीकडे बोट दाखवून तो तिला तिची जागा आठवून देतो. ती टोपली तिथेच उलटी करते, वऱ्हाड्यांना उद्या न्याहारीला हेच वाढ असे त्याला सुनावते आणि मुलांना घेऊन निघून जाते. त्यानंतर ती त्याच्या दाराशी कधीही गेली नाही, आणि त्या घरी उष्टे उचलण्याची प्रथाही तिथेच थांबली.